गाठ केवढी यापेक्षा गाठ कुठे

या महिन्याचे सगळे प्रश्न गर्भाशयातल्या गाठींचे, म्हणजे फायब्रॉइडचे आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात गाठीचं माप आहे: चार सेंटिमीटर, लिंबाएवढी, मोसंबीएवढी. गाठ नेमकी कुठे आहे हे मात्र मोजक्याच जणींनी लिहिलंय, कारण बाकीच्यांना ते कुणी सांगितलेलंच नाही. ऑपरेशन लागेल का, कोणतं लागेल, पिशवी राहील का, हे बहुतांशी त्या जागेवरच ठरतं. म्हणून उत्तरांत आम्ही पुन्हा पुन्हा तिकडेच वळलो आहोत.

माझं वय ३६. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत सोनोग्राफी झाली, त्यात ४.२ सेंटिमीटरची इंट्राम्युरल (गर्भाशयाच्या भिंतीतली) फायब्रॉइड निघाली. पाळी नियमित आहे, चार दिवस जाते, दुखत नाही. दोन मुलं आहेत. ‘वाढायच्या आत दुर्बिणीतून काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल’ असं एका ठिकाणी सांगितलं. काय करू? — वाचक, सातारा

ताई, तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल तर काढू नका. त्रास नाही, मूल हवं असताना अडथळा होतोय असंही नाही, मग ऑपरेशनने तुम्हाला मिळणार काय? भूल, टाके आणि पोटातली चिकटण मात्र नक्की मिळेल.

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ. पस्तिशी-चाळिशीत ती सर्रास सापडते आणि पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते. गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर असतो, पण तो फार विरळ आणि बहुतेक वेळा मुळातूनच वेगळा. साधी गाठ ठेवली म्हणून तिचा कॅन्सर होतो, ही भीती घालून ऑपरेशनची तारीख देणं आम्हाला मान्य नाही.

आता जागेबद्दल. गर्भाशय उलट्या धरलेल्या पेरूएवढं असतं. मध्ये चपटी पोकळी, पोकळीला आतून अस्तर आणि भोवती जाड स्नायूची भिंत. गाठ भिंतीतच उगवते, पण ती आत पोकळीकडे सरकते, भिंतीतच राहते किंवा बाहेर पोटाच्या बाजूला फुगते. डॉक्टर यासाठी ० ते ८ असे आकडे (टाइप) वापरतात. ० म्हणजे देठाला लोंबणारी, पूर्ण पोकळीत असलेली गाठ. १ म्हणजे निम्म्याहून जास्त पोकळीत, २ म्हणजे निम्म्याहून जास्त भिंतीत. ३ अस्तराला फक्त टेकलेली, ४ निव्वळ भिंतीतली. ५ आणि ६ बाहेर फुगलेल्या, ७ बाहेर देठाला लटकलेली, आणि ८ मध्ये गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या वगैरे इतर गाठी. दीड सेंटिमीटरची १ नंबरची गाठ बाईला पांढरीफटक करून टाकते, तर सहा सेंटिमीटरची ६ नंबरची गाठ वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये आकडा नसेल तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांकडून तो लिहून घ्या. तो त्यांना तपासतानाच दिसलेला असतो.

एक घोळ पत्रांतून वारंवार दिसतो. आपल्याकडे पाळीत रक्ताच्या गुठळ्या पडल्या तरी ‘गाठी पडतात’ म्हणतात आणि फायब्रॉइडलाही गाठीच म्हणतात. ‘माझ्या गाठी पडून गेल्या, आता बरं आहे’ असं समजून काहीजणी तपासायलाच जात नाहीत. पडतात त्या गुठळ्या. फायब्रॉइड जागेवरच असते.

तुम्ही सहा महिन्यांनी एकदा आणि मग वर्षाला एकदा सोनोग्राफी करा, शक्यतो त्याच ठिकाणी, म्हणजे मापांची तुलना करता येते. मधल्या काळात पाळी वाढली, लघवीला सारखं जावं लागू लागलं, ओटीपोटात जड वाटू लागलं किंवा पाळी गेल्यानंतरही गाठ वाढताना दिसली तर थांबू नका.

वय ३२. सबम्युकस (पोकळीकडे सरकलेली) फायब्रॉइड, टाइप १, अडीच सेंटिमीटर. दर पाळीला आठ-नऊ दिवस भरपूर अंगावरून जातं. हिमोग्लोबिन ७.८. दोनदा गर्भ पडला. ‘खालून दुर्बीण घालून काढू, टाका नाही’ असं डॉक्टर म्हणतात. पोटावर कुठेच न कापता गाठ कशी निघते? धोका कशाचा? — वाचक, ठाणे

तुमच्या डॉक्टरांनी योग्य मार्ग सांगितला आहे. सगळ्या फायब्रॉइडमध्ये पोकळीतल्या गाठींचा वाटा फार तर पाच ते दहा टक्के, पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सर्वात जास्त फायदा त्यांनाच होतो.

आधी रक्त. हिमोग्लोबिन ७.८ असताना ठरवून करायच्या ऑपरेशनला घाई करू नये. लोहाच्या गोळ्यांना महिने लागतात आणि दर पाळीला कमावलेलं वाहून जातं. म्हणून शिरेतून लोह देतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजची वजनाप्रमाणे एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा साधारण पाव तासात जाते आणि दोन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन दिसण्याइतकं चढतं. तोपर्यंत पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दिवसातून तीनदा देतात. कधी रक्ताची गुठळी पायात किंवा फुप्फुसात झाली असेल तर ते घ्यायचं नाही, तशी नोंद असेल तर डॉक्टरांना सांगा.

शस्त्रक्रिया पाळी संपल्या संपल्या करतात, कारण तेव्हा अस्तर पातळ असतं आणि गाठ स्वच्छ दिसते. आदल्या रात्री किंवा काही तास आधी मिसोप्रोस्टॉलची गोळी देऊन गर्भाशयाचं तोंड मऊ करतात. भूल दिल्यावर ते तोंड साधारण नऊ मिलिमीटर उघडतं आणि त्यातून रेसेक्टोस्कोप आत जातो. हा जवळजवळ हाताच्या करंगळीएवढ्या जाडीचा नळा असतो. त्यात दुर्बीण, दिवा, पाणी आत-बाहेर जाण्याची वाट आणि टोकाला तारेचा अर्धगोल असतो. पोकळी एरवी मिटलेली असते. ती फुगवायला सतत द्रव सोडावा लागतो. तारेत वीज सोडून गाठीच्या पलीकडून डॉक्टरांच्या दिशेने ओढत एकेक चकती कापतात. खोबऱ्याच्या कापांसारखे पांढरे, टणक तुकडे निघतात. तार कधीही आपल्यापासून दूर ढकलत कापायचं नाही, हा इथला पहिला नियम, कारण पलीकडे गर्भाशयाची भिंत असते आणि भिंतीपलीकडे आतडं.

खरा धोका त्या द्रवाचा. कापताना उघड्या पडलेल्या शिरांतून तो अंगात शोषला जातो. जुन्या पद्धतीच्या विजेला सलाईन चालत नाही, कारण मिठाच्या पाण्यातून वीज पसरते. म्हणून तिथे १.५ टक्के ग्लायसिन वापरतात. ते जास्त शोषलं गेलं की रक्तातलं सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते. नव्या पद्धतीच्या, म्हणजे बायपोलर यंत्रात साधं सलाईन चालतं, सोडियम उतरत नाही, पण अति झालं तर फुप्फुसात पाणी होतं. म्हणून आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याची वजाबाकी ऑपरेशनभर चालू असते. तीन लिटरच्या पिशव्या टांगलेल्या असतात, खाली गोळा करायची पिशवी असते आणि एक सिस्टर ठरावीक वेळाने फरक मोठ्याने सांगते. ग्लायसिनला १००० मिलिलिटर, सलाईनला २५०० मिलिलिटर फरक झाला की थांबायचं, मग गाठ थोडी उरलेली का असेना. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर याहूनही आधी. तुम्ही इतकंच विचारा: ‘बायपोलर आहे का, आणि पाण्याचा हिशोब कोण ठेवणार?’ चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचं कौतुकच होईल.

अडीच सेंटिमीटरची टाइप १ बहुधा एका बैठकीत निघते. टाइप २ आणि तीन-चार सेंटिमीटरच्या वर असेल तर दोन बैठका लागू शकतात. पहिल्या खेपेला वरचा भाग कापतात, पुढच्या आठवड्यांत गर्भाशय आकुंचन पावून उरलेला भाग पोकळीत ढकलतं. गाठीच्या मागे भिंत पाच मिलिमीटरहून कमी उरली असेल तर भोक पडण्याची शक्यता वाढते, तेव्हा तो आकडा सोनोग्राफीत आधी पाहून घ्यावा. समोरासमोरच्या दोन गाठी एकाच वेळी कापल्या तर दोन्ही जखमा एकमेकींना चिकटतात. तशा गाठी असतील तर मुद्दाम दोन टप्पे करतात.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाल. गर्भ पडण्यामागे इतर कारणंही असतात, ती तपासून घ्या. पण पोकळीतली गाठ डोळ्यांसमोर असताना ती ठेवून पुन्हा गरोदर राहण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

वय ३४, लग्नाला पाच वर्षं, मूल नाही. मागच्या भिंतीत ८ सेंटिमीटरची गाठ, टाइप ४, शिवाय एक दोन सेंटिमीटरची. एक डॉक्टर पोट उघडून करू म्हणतात, दुसरे दुर्बिणीतून. दुर्बिणीतून केलं तर टाके कच्चे राहतात आणि बाळंतपणात पिशवी फाटते असं ऐकलं. कोणाचं ऐकू? — वाचक, नागपूर

जो टाके चांगले घालतो त्याचं. दुर्बिणीतून गाठ काढणं फारसं अवघड नाही, तिच्या जागी उरलेला खड्डा नीट शिवणं अवघड आहे. तुमच्या बाबतीत सगळं त्यावरच अवलंबून आहे.

म्हणून ऑपरेशन समजून घ्या. पूर्ण भूल दिल्यावर बेंबीजवळ दहा मिलिमीटरचं छिद्र घेऊन पोट कार्बन डायऑक्साइडने १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने फुगवतात आणि कॅमेरा घालतात. पाच-पाच मिलिमीटरची आणखी दोन-तीन छिद्रं असतात. गाठीवर कापण्याआधी भिंतीत व्हासोप्रेसिन टोचतात. बहुधा २० युनिट १०० ते २०० मिलिलिटर सलाईनमध्ये पातळ केलेलं असतं. टोचता टोचता लालसर गर्भाशय पांढरं पडत जातं, म्हणजे शिरा आकसल्या. याने रक्तस्राव खूप कमी होतो. पण तेच औषध चुकून थेट शिरेत गेलं तर हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब भडकतो, क्वचित हृदय थांबतं. म्हणून सुई घातल्यावर आधी मागे ओढून रक्त येत नाही हे पाहायचं आणि टोचतो आहोत हे भूलतज्ज्ञांना सांगूनच टोचायचं. हृदयविकार असेल तर ते टाळतात.

मग भिंत कापून गाठीपर्यंत जातात. गाठीभोवती स्नायू दबून एक पातळ वेष्टण झालेलं असतं. त्या वेष्टणाच्या आत नेमका थर सापडला की मोसंबीची साल सुटावी तशी गाठ सुटते. स्क्रूसारख्या हत्याराने ती पकडून ओढतात. थर चुकला की रक्त येतं, आणि रक्त थांबवायला वीज लावावी लागते. जितकी वीज जास्त, तितका स्नायू जळतो आणि जळालेला स्नायू टाका धरत नाही. बाळंतपणात फाटणारा व्रण बऱ्याचदा असा तयार होतो: भाजलेली कड, वरवरचा एकच थर आणि आत साचलेलं रक्त. खड्डा खोलीप्रमाणे दोन किंवा तीन थरांत शिवला पाहिजे. पोकळी उघडली गेली असेल तर तो थर वेगळा आणि सगळ्यात वरचा थर कडा आत वळवून. आता काटेरी धागा मिळतो, त्याला गाठ मारावी लागत नाही आणि प्रत्येक टाका घट्ट राहतो, त्यामुळे काम पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. तरी हात तयार असावा लागतोच.

असं शिवलं असेल तर पुढच्या गरोदरपणात गर्भाशय फाटण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. मात्र ते घडतं तेव्हा आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं, म्हणून कुणीही ते हलक्यात घेऊ नये. तीन ते सहा महिने थांबून मग दिवस राहू द्यावेत. भिंत खोलवर कापली गेली असेल तर कळा सुरू व्हायच्या आत, ३७ ते ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर सिझेरियन करतात. हे ठरवायला बाळंतपणाच्या डॉक्टरांना ऑपरेशनची नोंद लागते. किती थर शिवले, पोकळी उघडली होती का, चीर कुठे होती, हे लिहिलेला कागद डिस्चार्जच्या वेळी मागून घ्या आणि लॅमिनेट करून ठेवा. दहा हजारांच्या बिलावर सही करताना आपण जेवढं लक्ष देतो त्याहून जास्त या एका कागदावर द्या.

दुर्बिणीची एक खरी मर्यादा आहे: बोटांनी चाचपता येत नाही. पोट उघडल्यावर सर्जन गर्भाशय हातात धरून वाटाण्याएवढी गाठही शोधतो. दुर्बिणीत खोलवरची छोटी गाठ राहून जाऊ शकते. म्हणून तुम्ही आधी एमआरआय करा, त्यात गाठींचा नकाशा मिळतो. एखाद-दोन गाठी आणि आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत, हे तयार हाताच्या सर्जनला दुर्बिणीतून जमण्यासारखं काम आहे. दहा-बारा गाठी भरलेल्या असत्या तर आम्हीही पोट उघडून करा असंच म्हटलं असतं. शेवटी हेही विचारा की रक्त आवरलं नाही तर ते पोट उघडतील का आणि रक्ताची बाटली तयार ठेवणार का. ‘कधीच उघडावं लागत नाही’ असं उत्तर आलं तर सावध व्हा.

गाठी पुन्हा होऊ शकतात, दोन्ही पद्धतींत. त्यामुळे मूल हवं असेल तर ऑपरेशननंतरचं वर्ष-दीड वर्ष वाया घालवू नका. आणि त्याआधी पतीची वीर्यतपासणी आणि तुमच्या गर्भनळ्यांची तपासणी झालेली असावी. आठ सेंटिमीटरची गाठ काढून झाल्यावर अडचण भलतीकडेच होती असं कळणं फार वाईट.

एवढी मोठी गाठ एवढ्याशा छिद्रातून मशीनने तुकडे करून काढतात. त्याने कॅन्सर पसरतो आणि अमेरिकेत बंदी आहे असं वाचलं. पत्नीचं ऑपरेशन ठरलंय. — वाचक, पुणे

बंदी नाही, पण तुमची शंका निराधारही नाही. त्या यंत्राला मॉर्सेलेटर म्हणतात: फिरतं पातं असलेली बारा-पंधरा मिलिमीटरची नळी. साधी गाठ म्हणून कापलेल्या वस्तूत लपलेला सार्कोमा, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर, निघाला तर त्याचे कण पोटभर उडतात आणि आजार वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, एप्रिल २०१४ मध्ये यावर इशारा दिला. फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांमागे एकीत असा लपलेला सार्कोमा असतो असा त्यांचा अंदाज होता. २०१७ च्या फेरतपासणीत तो २२५ ते ५८० मागे एक असा आला. इतर काही अभ्यासांत प्रमाण याहून बरंच कमी आहे. २०२० मध्ये एफडीएने सांगितलं की तुकडे करायचेच तर पिशवीत करा.

पिशवीत म्हणजे असं: गाठ पोटातच एका प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, पिशवीचं तोंड छिद्रातून बाहेर काढतात आणि तुकडे त्या पिशवीच्या आतच करतात. कधी बेंबीचं छिद्र थोडं मोठं करून साध्या सुरीने कापतात, यंत्र लागतच नाही. पिशवीशिवाय केल्यास साध्या गाठीचेही सांडलेले कण पोटात कुठेतरी चिकटून तिथे नव्या गाठी धरतात, त्यामुळे पिशवी वापरण्याचं कारण केवळ कॅन्सर नाही. सर्जनना थेट विचारा: ‘पिशवीत काढणार ना?’

त्याआधी पत्नीचं वय आणि लक्षणं पाहिली पाहिजेत. पन्नाशीच्या पुढे, पाळी गेल्यावर वाढणारी गाठ, एमआरआयमध्ये शंकास्पद दिसणारी गाठ, अशा वेळी तुकडे न करता अख्खी काढतात. पंचेचाळिशीनंतर अनियमित अंगावरून जात असेल तर अस्तराचा तुकडा आधी तपासायला पाठवलेला असावा. आणि काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट घेतल्याशिवाय प्रकरण संपलं असं समजू नका. कितीतरी रिपोर्ट लॅबमध्येच पडून राहतात.

वय ४१. तीन गाठी, सर्वात मोठी ५ सेंटिमीटर. पाळी जास्त जाते. ‘मुलं झाली, आता पिशवी ठेवून काय करणार’ असं डॉक्टर आणि सासूबाई दोघंही म्हणतात. मला भीती वाटते. — वाचक, बीड जिल्हा

तुमच्या जिल्ह्यातून हा प्रश्न येतो तेव्हा तो जास्त गांभीर्याने घ्यावा लागतो. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा, खाड्याला दंड, आणि त्यात ‘काढून टाकली की सुटलीस’ हा सल्ला. ‘मुलं झाली’ हे पिशवी काढायचं वैद्यकीय कारण नाही.

तुम्हाला त्रास आहे, उपचार हवाच. पण पायरीने. गाठी पोकळीत नसतील तर हार्मोनची तांबी, जिला बहुतेकजणी मिरेना म्हणून ओळखतात, पाळी पुष्कळ कमी करते. पोकळी गाठींनी वाकडी झाली असेल तर ती बसत नाही किंवा पडून जाते, म्हणजे पुन्हा प्रश्न तोच: गाठी कुठे आहेत? पोकळीतली असेल तर वर लिहिल्याप्रमाणे खालून निघेल. हे सगळं करून भागलं नाही, हिमोग्लोबिन सारखं उतरत राहिलं आणि तुमची स्वतःची तयारी असेल, तर पिशवी काढणं हा योग्य आणि कायमचा उपाय आहे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

मग ती खालून, योनिमार्गे निघेल का, हे आधी विचारा. पोटावर एकही छिद्र नाही, खर्च कमी आणि आपल्याकडे अनेक स्त्रीरोगतज्ज्ञांचा यात हात बसलेला आहे. बाळंतपणं नॉर्मल झालेली असतील आणि गर्भाशय बारा आठवड्यांच्या गर्भाएवढ्याच्या आत असेल तर बहुधा जमतं. गर्भाशय मोठं असेल, आधीची सिझेरियन असतील, पोटात चिकटण असेल तर दुर्बीण मदतीला येते. दुर्बीण आहे म्हणून प्रत्येक वेळी तीच वापरायची, याला आमचा विरोध आहे.

बीजांडं, म्हणजे ओव्हरी? निरोगी असतील तर तुमच्या वयात ठेवायचीच. एक्केचाळिशीत दोन्ही काढली की दुसऱ्या दिवसापासून पाळी गेल्याचा सगळा त्रास अंगावर येतो आणि पुढे हाडं आणि हृदयावर परिणाम होतो. गर्भनळ्या मात्र काढल्या तरी चालतात, बीजांडाच्या कॅन्सरचा धोका त्याने कमी होतो. संमतीपत्रावर ‘बीजांडं ठेवणार’ असे शब्द लिहून घ्या. पत्र वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

ऑपरेशनआधी गाठ लहान करायला इंजेक्शन सुचवलंय. घ्यावं का? औषधाने गाठ पूर्ण विरघळत नाही का? — वाचक, कोल्हापूर

विरघळत नाही. ल्युप्रोलाइडचं ३.७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर महिन्याला एक, असं तीन महिने दिलं तर गाठीचा आकार एक-तृतीयांश ते निम्म्याने उतरतो आणि पाळी थांबल्यामुळे हिमोग्लोबिन भरून येतं. बंद केलं की गाठ पुन्हा वाढते. फार अशक्तपणा असेल किंवा गर्भाशय खूप मोठं असेल तर इंजेक्शनचा उपयोग आहे. एरवी त्याचा तोटाही होतो: गाठीचं वेष्टण चिकटून बसतं, सुटणारी साल सुटत नाही आणि बारीक गाठी इतक्या आक्रसतात की सर्जनला दिसतच नाहीत, मग वर्षभरात पुन्हा हजर. गोळ्यांपैकी युलिप्रिस्टलवर यकृताला इजा झाल्याच्या घटनांमुळे २०२० मध्ये युरोपात कडक बंधनं आली. कुणी देत असेल तर यकृताच्या तपासण्यांशिवाय घेऊ नका.

मनगटातून तार घालून गाठीचं रक्त बंद करतात म्हणे. ते कसं? — वाचक, डोंबिवली

यालाच एम्बोलायझेशन म्हणतात. पॅरिसमधल्या जाक राविना यांनी १९९५ मध्ये त्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं. हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेऊन साधारण ५०० ते ७०० मायक्रॉनचे कण सोडतात. गाठ उपाशी राहते, तीन ते सहा महिन्यांत चाळीस-पन्नास टक्के आक्रसते. पूर्ण भूल लागत नाही. पहिले चोवीस तास मात्र कळा फार जोराच्या येतात, वेदनाशामकाची तयारी आधी हवी. पोकळीला लागून असलेली गाठ नंतर तुकड्यांनी खालून पडू शकते. दुर्गंधी स्राव आणि ताप आला तर ताबडतोब दवाखाना गाठा. मूल हवं असणाऱ्यांसाठी हा पहिला पर्याय नाही.

आईचं, वय ५२, पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून पिशवी काढण्याचं ऑपरेशन आहे. ती शेतावर जाते, घरी पाणी भरते. दवाखान्यातून दोन दिवसांत सोडणार. घरी आम्ही काय बघायचं? — वाचक, लातूर

फार चांगला प्रश्न. दोन दिवसांत घरी येण्याचा अर्थ असा की दवाखान्यात दिसणाऱ्या गोष्टी आता तुम्हाला घरी पाहायच्या आहेत.

पहिले एक-दोन दिवस खांदे दुखतील. घाबरू नका, पोटात उरलेल्या गॅसने छाती आणि पोटामधला पडदा चिडतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं. थोडं चालवलं की कमी होतं. पोटदुखीचा नियम एकच लक्षात ठेवा: ती रोज आदल्या दिवसापेक्षा कमी असली पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढतंय, पोट फुगतंय, उलटी होतेय, ताप चढतोय, तर आतड्याला इजा झाली असण्याची शक्यता असते. ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा देत घरी बसू नका. पोटावरची छिद्रं बाहेरून कितीही छान दिसत असली तरी त्याच रात्री न्या.

दुसरी गोष्ट लघवीची. किडनीतून येणारी लघवीची नळी गर्भाशयाच्या धमनीच्या बरोबर खालून जाते, गर्भाशयाच्या तोंडापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून. धमनी बंद करताना तिला विजेची झळ लागली तर त्या दिवशी काहीच कळत नाही. भाजलेला भाग सात ते चौदा दिवसांत गळून पडतो आणि मग योनिमार्गे पाणी येऊ लागतं. आई कदाचित लाजून सांगणार नाही, तुम्हीच विचारा: ‘कपडा ओला होतोय का?’ अंगावरून पांढरं जातंय असं समजून बऱ्याचजणी आठवडा घालवतात. पाणी लघवी आहे का हे त्यातलं क्रिएटिनिन तपासून कळतं. लवकर कळलं तर पुष्कळदा नळीत स्टेंट (आधार देणारी बारीक नळी) घालून भागतं, उशीर झाला तर मोठं ऑपरेशन पडतं. कुशीत दुखणं आणि ताप हीसुद्धा याची खूण असते.

एका पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर तेही थांबण्यासारखं नाही. थोडासा गुलाबी-तपकिरी स्राव दोन-तीन आठवडे चालतो. ताजं लाल रक्त भळभळलं तर नाही.

आता शेत आणि पाणी. पहिल्या दिवसापासून घरात चालू द्या, जेवण नेहमीचं, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथण्याचा जोर आतल्या टाक्यांवर येतो. भरलेली घागर दहा किलोच्या वर जाते. सहा आठवडे पाच किलोहून जास्त काही उचलायचं नाही: घागर नाही, चाऱ्याची पेंढी नाही, नातवंड कडेवर नाही. वाकून खुरपणं आठ आठवड्यांनंतर. पतीपत्नीचे संबंध आठ ते बारा आठवडे टाळायचे, आत योनीच्या टोकाला टाके असतात आणि ते उघडले तर आतडं खाली येऊ शकतं. हे सगळं आईला एकटीला सांगून उपयोग नाही. बाहेरून फक्त तीन बारीक छिद्रं दिसत असल्यामुळे घरातल्यांना ती बरी झालीय असं चौथ्या दिवशीच वाटू लागतं. पाणी कोण भरणार हे ऑपरेशनच्या आधीच ठरवून टाका.